मागच्या कुंपणावरचा वेल

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी हे कुणाशी बोलत नाही.

मी कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात कामाला आहे. वाळवलेली पानंफुलं कागदावर चिकटवायची, खाली नाव लिहायचं आणि कीड लागू नये म्हणून कपाटात डांबराच्या गोळ्या टाकायच्या. ताईचा फोन आला तो याच कामासाठी. "छोट्या, परसात बरंच काहीबाही उगवलंय. जरा येऊन नावं सांग ना." मी अडतीसचा झालो, तरी तिच्यासाठी छोट्याच.

तिची मुलगी, आम्ही तिला चिमणी म्हणायचो, सातव्या वर्षी तापात गेली. त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून त्या घरी जायचं मी टाळत होतो, हे कबूल करतो.

दुपारी तीनला पोचलो. भावजी मागच्या पायरीवर बसले होते. एकेकाळी मला चिडवायचे, "मेहुणे, तुम्ही भाजीवाल्यालाही पालकाचं कूळ विचाराल." त्या दिवशी त्यांनी मानही वर केली नाही.

मी कामाला लागलो. कोपऱ्यात कण्हेर, नळाजवळ गोकर्ण, भिंतीवर मधुमालती. ताई मागोमाग वहीत उतरवून घेत होती. मग कुंपणावरच्या वेलापाशी आलो आणि थांबलो. फुलं पांढुरकी, बोटाच्या पेराएवढी. एकाला पाच पाकळ्या, शेजारच्याला चार, तिसऱ्याला सात. एका पेरावर पानं समोरासमोर, पुढच्यावर एकच, त्यापुढे तीन. झाडाला काहीतरी नियम असतो हो. याला नव्हता.

"हा कुणी लावला?"

"कुणीच नाही," ताई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "विषारी आहे का, तेवढं सांग. हे दिवसभर इथेच बसतात. जेवायलाही आत येत नाहीत."

चार वाजले असावेत. पान हलत नव्हतं, आणि वास आला. तापलेल्या अंगाचा, डोक्याच्या तेलाचा, गोड औषधाचा. शेवटच्या आठवड्यात चिमणीला मी मांडीवर घेतलं होतं, तेव्हाचा. नमुना कापायला हातात घेतलेली कात्री खाली पडली.

"आली," भावजी म्हणाले. चेहरा उजळला होता. "शाळा सुटली, की येते…"

ताईनं माझा दंड धरला. "तुलाही येतो? मग मला का येत नाही रे? रोज त्या फुलांत तोंड खुपसून बघते. मी आई आहे तिची…"

मी कात्री उचलली आणि वेल बुडाशी कापला. त्यांच्या भल्यासाठीच. भावजींनी अडवलं नाही, नुसते पाहत राहिले. देठातून चीक आला नाही. पण वेल हाताला गरम लागला, तापल्या कपाळासारखा.

तीन दिवसांनी भावजी त्याच पायरीवर गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वेल तोवर पुन्हा कुंपणावर चढला होता. ताईनं एका माळ्याला मूळ खणायला लावलं. ते घराखाली जातंय हे पाहून त्यानं फावडं टाकलं आणि निघून गेला. माझ्याकडे चल, म्हणून मी ताईच्या किती विनवण्या केल्या. "मला अजून आला नाहीये रे," एवढंच म्हणायची. आता पायरीवर ती बसते.

काल चारच्या सुमारास तिचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"छोट्या… आला रे वास."

"चिमणीचा?"

"नाही."

"मग… भावजींचा?"

पलीकडून फक्त श्वास आत ओढल्याचं ऐकू येत होतं, फूल नाकाशी धरावं तसं.

"डांबराच्या गोळ्या आणि जुने कागद," ती म्हणाली. "तुझ्या शर्टाला येतो तसा… छोट्या, तू बरा आहेस ना?"