अर्ध्या गिन्यांची माळ

चुलीवरच्या भाताला उकळी येऊन झाकण थडथडत होते, आणि त्या स्वयंपाकघरात तेवढाच एक आवाज जिवंत होता. सासू मनुबाईंचा हात थोरल्या कोकिळेच्या समोरून, तिच्या पदराला लागेल इतक्या जवळून पलीकडे गेला होता, आणि त्या हातातली गिन्यांची पितळी डबी आता धाकट्या सुनेच्या, रंगूच्या ओंजळीत होती. सोळा वर्षे जी डबी कोकिळेच्या पेटीत, लग्नातल्या लुगड्याच्या घडीखाली निजली होती, ती डबी! सासूने सकाळी मागितली, तिने विश्वासाने काढून दिली... आणि ती अशी, डोळ्यांदेखत, दुसरीच्या हाती गेली!

"तुज्यापाशी ऱ्हाऊ दे," मनुबाई शेवटी रंगूला म्हणाल्या. "तुला कागद वाचता येतो. काय लिवायचं, काय न्हाय, ते तू नि दिना बघा."

कोकिळेने चुलीतले लाकूड बाहेर ओढले. ते विझले नाही. नुसते धुमसत राहिले.

चीनच्या लढाईची धग अजून निवली नव्हती तोच सोन्याचा नवा कायदा आला होता. अंगावरचे दागिने असू द्यावेत. पण नाणी वा लगडी असतील तर त्या कागदावर लिहून तालुक्याला कळवाव्यात, आणि सोनारांनी चौदा कॅरेटच्या वर नवे काही घडवू नये... धाकट्या दिराने, दिनानाथने वर्तमानपत्र वाचून घरात सांगितले होते. दिनानाथ पेणच्या शाळेत मास्तर. रंगू त्याची बायको, रेवदंड्याची, सातवी पास. या घरात येऊन तिला उणीपुरी दोन वर्षे झाली होती.

दोन वर्षे! आणि कोकिळेची सोळा! ज्या वर्षी स्वातंत्र्य आले त्याच वर्षी ती म्हात्र्यांची थोरली सून होऊन या खाडीकाठच्या मिठागरावर आली. वैशाखात मिठाची शेवटची रास मचव्यात चढली की मनुबाई तिला घेऊन उजाडायच्या आत निघत, आणि खाडीपलीकडच्या गावातल्या सदू सोनाराकडे जाऊन एक अर्धी गिनी, सोन्याचे छोटे इंग्रजी नाणे, घेत. वर्षाला एक; कधी जास्त नाही, आणि दागिना तर कधीच नाही. "दागिना मोडायला न्यावा तर घट लावतात," मनुबाई म्हणत, "गिनी हाय तशी विकते." सदू ती पिवळी टिकली काळ्या दगडावर टाकी, आणि सोने बोले! स्वच्छ, लांबत जाणारा, दूर कुठे तरी पाण्यावर विरून जाणारा नाद... "काय म्हनते गो?" सासू विचारी. कोकिळा क्षणभर डोळे मिटी आणि मग सांगे, "खरी हाय." एकदा तर सदूने खरी मानलेली गिनी तिने परत फिरवली होती. कोणी तरी कधी काळी त्या गिनीला कडी लावून, मग ती घासून काढली होती. झाळल्याचा तो जुना डाग डोळ्यांना दिसत नव्हता, पण तिच्या कानाला ऐकू आला होता! त्या दिवशी परतीच्या वाटेवर मनुबाईंनी प्रथमच तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

आणि आज तोच हात...

"अगो, डबी तुज्या पेटीत काय नि तिच्या पेटीत काय, घरातच हाय ना?" मिठागराच्या बांधावर भाकरी सोडताना तिचा नवरा, भागोजी, हसून म्हणाला. "तू उगाच तोंड पाडून बसलीस."

तिने तोंड फिरवले. समोर वाफ्यांतले पाणी निश्चल होते. वरून आरशासारखे शांत, आणि तळाशी उन्हाच्या एकेका घटकेसरशी कडवट, टोकदार खडे धरत चाललेले. मत्सर असाच धरतो का? रंगू ओटीवर वर्तमानपत्र वाची आणि म्हातारी हुंकार देई, तेव्हा एक खडा. रंगूने काही सांगितले आणि सासू तोंडाला पदर लावून हसली, तेव्हा आणखी एक... सोळा वर्षांत आपल्याबरोबर ही अशी कधी हसली होती?

चार दिवसांनी सकाळच्या एस.टी.ने दिनानाथ, रंगू आणि मनुबाई पेणच्या कचेरीत सोने लिहून द्यायला निघाली. कोकिळेला कोणी चल म्हणाले नाही. "घराला कुनी तरी पायजे," एवढेच सासू म्हणाली.

डबी घरातच होती; कचेरीत नुसता आकडा आणि वजन सांगायचे होते. रंगूने ती भाताच्या कणगीत लपवलेली कोकिळेने पाहिली होती. नुसते बघावे, एकदा हाताने चाचपावे, एवढ्यासाठीच तिने ती काढली, असे ती पुढे कितीदा तरी स्वतःला सांगणार होती! पण डबी उघडली आणि ती मोजू लागली. गिन्या सोळा नव्हत्या; अठरा होत्या. दोन अनोळखी चेहरे तिच्या सोळाजणींत येऊन बसले होते!

म्हणजे सासूने तिच्या पाठीमागे, तिच्या कानाला न विचारता, धाकटीसाठी गिन्या घ्यायला सुरुवातही केली होती! मस्तकात काही तरी कडाडून तुटले. सुट्या गिन्या ज्याच्या डबीत त्याच्या, पण माळ... माळ गळ्यात घालावी लागते, आणि गावदेवीच्या जत्रेत ओटी भरायला घरचे सोने लेऊन जाण्याचा मान थोरल्या सुनेचा. तो कोणाच्या बापाला हिरावून घेता येणार नाही!

सदू सोनार दुकानाच्या पायरीवर रिकामाच बसला होता.

"वैनी, आज एकल्याच? म्हातारी कुठं?"

"पेनला गेलीय. ह्यांना कड्या लावून द्या. माळ करायची हाय."

सदू हसला. "थट्टा करता गरिबाची? ज्या म्हातारीनं सोळा वरसं एका गिनीला वरखडा लागू दिला न्हाय, ती..."

"तिनंच सांगितलंय."

सदूचे हसू मावळले. त्याने आतल्या थंड शेगडीकडे पाहिले. "कायदा झाल्यापास्नं फुंकनी भिंतीला टांगलीय. कडी लावनं म्हंजे घडवनं का न घडवनं, ते सरकारलाच ठावं. करीन मी, पोटासाठी करीन... पन एकदा डाग दिला की गिनी मुकी होते, वैनी. तुमाला मी काय सांगू? तुमचा कान माज्यापरीस तिखट."

"लावा."

पहिली कडी बसली. सवयीने, केवळ सवयीने, कोकिळेने ती गिनी काळ्या दगडावर टाकली. टप्प! ओल्या मातीवर खडा पडावा तसा तो आवाज होता. तिथे ती थांबू शकली असती... ती थांबली नाही. उलट त्या दोन परक्या गिन्या तिने स्वतःच्या हाताने पुढे सरकवल्या.

उन्हे कलली तेव्हा ती माळ घालून ओटीवर बसली होती. मंडळी अंगणात आली आणि जिथल्या तिथे थबकली. मनुबाईंची नजर माळेवर खिळली. रंगूची नजर मात्र त्या अठरांतून नेमकी दोन गिन्यांवर गेली, आणि तिच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरत उतरत नाहीसे झाले.

"वैनी, हे काय केलंत!" दिनानाथ ओरडला. "आत्ता लिहून देऊन आलो आम्ही! अठरा अर्ध्या गिन्या, सुट्या! शिक्का बसला कागदावर!"

"कुनी सांगितलं तुला हे?" मनुबाईंचा आवाज कापत होता.

कोकिळेने उत्तर पाठ करून ठेवले होते. मी थोरली, माझा मान... पण ती ते बोलण्याआधीच रंगू पुढे झाली.

"मी सांगितलं. डबी मीच दिली वैनींना. मला वाटलं, दागिना केला म्हणजे पुढची कटकट नको."

"तू? शिकलेली म्हनून तुज्या हाती दिली, नि तू अशी माती केलीस?" मनुबाई तरातरा घरात गेल्या, आणि रिकामी डबी आणून त्यांनी ती कोकिळेच्या मांडीत टाकली. "घे कोकिळे! आजपास्नं ह्या घरातल्या सोन्याला तुज्याबिगर कुनाचा हात लागायचा न्हाय!"

जे हवे होते ते सगळे मिळाले! एक श्वासभर कोकिळेचे हृदय उन्मत्त होऊन उचंबळले... आणि लगेच त्यात नवे विष उतरले. हेही हिनेच द्यावे? आपला मानही हिने भिक्षा घातल्यासारखा आपल्या पदरात टाकावा?

"रंगू," दिनानाथ घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुझ्या आईच्या दोन गिन्या होत्या त्यात. मरणाच्या दुखण्यात विकू दिल्या नाहीत तिनं, तुझ्यासाठी ठेवल्या. परवा तू आपण होऊन त्या घरच्या डबीत टाकल्यास, वेगळं काही नको म्हणालीस... आणि त्यांनाच डाग द्यायला सांगितलास?"

दिनानाथने खिशातून कागद काढला.

"आणि आता हा कागद! खोटं लिहिल्याबद्दल कुणाला धरतील? नाव वैनींचं आहे!"

"कुनाचं?" कोकिळेला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

दिनानाथने कागद उलगडून वाचले, "मालकाचं नाव, कोकिळा भागोजी म्हात्रे."

"मग आनि कुनाचं घालनार?" मनुबाई चिडून म्हणाल्या. "राखल्या कुनी?"

"मला का न्हाय सांगितलंत, आई?" कोकिळा किंचाळली. "एका शब्दानं तरी!"

"सांगायचं काय त्यात? चुलीला कुनी सांगतं का, तू चूल हायस म्हनून?"

कोकिळेने माळ ओरबाडून काढली आणि ती सासूच्या पायांवर कोसळली. "आई, ती खोटं बोलतेय! तिनं न्हाय दिली, मीच कनगीतनं काढली... माज्या डोल्यांत माती गेली होती हो! मला वाटलं, तुमी मला टाकलीत..."

मनुबाई तिथेच खाली बसल्या. मग त्यांचा सुरकुतलेला हात सुनेच्या पाठीवर आला. आधी जड, परका, आणि मग हळूहळू ओळखीचा होत गेलेला.

"उद्या तू नि मी कचेरीत जाऊ," त्या म्हणाल्या. "तुज्या तोंडानं सांग तिथं. जे व्हईल ते दोघी सोसू. ऊठ."

कोकिळेने डोळे पुसले तेव्हा रंगू अंगणात नव्हती. ती परसात होती; हंडा कमरेवर घेऊन खाडीकडे बघत उभी होती. ऊन आता पिवळे, क्षीण झाले होते, आणि बांधापलीकडे भागोजी दिवसभराचे मीठ ओढून राशीला लावीत होता.

"रंगू," कोकिळा तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. "मार मला. काय वाट्टेल ते बोल. मी ऐकीन. पन एवढं सांग बाय, माज्यासाठी खोटं का बोललीस? माजी कीव आली म्हनून? का मला आपली मानतेस म्हनून?"

रंगूने मान वळवली. तिचे डोळे कोरडे होते. तिने हंडा सावरला, पदर खोचला, आणि ती बांधावरच्या वाटेने विहिरीकडे चालू लागली.