चार रने आणि एक बाळ

प्रदर्शनातले चारही रने सकाळपासून भांडत होते. एक तत्त्वज्ञ, एक नाटककार, एक चित्रकार, एक कवी. चौघेही फ्रेंच, चौघेही केव्हाच वारलेले आणि चौघांचं पाळण्यातलं नाव एकच. माणसाने मागे ठेवलेल्या शब्दांवरून त्याचं मन पुन्हा उभं करणाऱ्या तंत्राला, हे प्रदर्शन मांडणाऱ्या वृंदाने, 'मनछाया' हे नाव दिलं होतं. एकाच नावाच्या चार मनछाया एका दालनात ठेवायची हौसही तिचीच. फ्रेंचमध्ये रने म्हणजे पुन्हा जन्मलेला. "रने" म्हटलं की चौघेही ओ देत आणि मग खरा कोण यावरून जुंपायची.

वृंदाच्या मांडीवर तिचं तीन महिन्यांचं बाळ होतं. ते जन्मतः बहिरं. गेल्याच आठवड्यात त्याच्या कानामागे आवाज थेट मज्जातंतूला पोचवणारी 'श्रुतिकळ' बसवली होती. ती बिनतारी असल्यामुळे दालनातले आवाजही तिच्यात सरळ उतरत.

"याचं नाव काय?" तत्त्वज्ञाने विचारलं. दालनात सगळे मराठीतच बोलत.

"अजून नाही. कानात सांगितल्याशिवाय नाव लागत नाही आमच्यात," वृंदा हसून म्हणाली. "रविवारी बारसं आहे."

"म्हणजे जागा रिकामी आहे," नाटककार म्हणाला.

चौघेही गप्प झाले. भांडण मिटलं म्हणून तिला हायसं वाटलं. बाई भोळीच!

रविवारी पाळणा सजला. बाळाची आत्या, प्रमिलाताई, वाकून "कुर्रर्र" म्हणाल्या आणि त्यांनी कानात नाव सांगितलं, शर्विल. बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, हशा पिकला. बाळ मात्र ढिम्म.

"अगं वृंदा, यंत्र चालू आहे ना?"

वृंदाने खुळखुळा वाजवला. बाळाने लगेच पाहिलं. मग तिने हाक मारली, "शर्विल!" काहीच नाही. 'जागा रिकामी आहे', नाटककाराचे शब्द तिला आठवले. नको नको वाटत असतानाही ती हळूच म्हणाली, "रने?"

बाळाने मान वळवली. आईकडे पाहावं तसं नव्हे. नव्याने ओळख झालेल्या बाईकडे पाहुणा पाहतो तसं पाहिलं. डोळे मिटले, उघडले आणि नजर दुसऱ्याच कुणाची तरी झाली. असं चारदा झालं.

"बंद कर ते आधी!" प्रमिलाताई किंचाळल्या.

वृंदाचा हात बाळाच्या कानामागे गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, या वर्षात श्रुतिकळ बंद पडली तर मेंदू ऐकायला कधीच शिकणार नाही. बंद केली, तर आईची हाक या मुलाला जन्मभर ऐकू येणार नव्हती. आणि चालू ठेवली, तर तिच्या हाकेला ओ कोण देणार होतं?