साध्या पाण्याचे चार बीकर

चाचणीवर देखरेखीला येणारा साबण कंपनीचा नेहमीचा माणूस तापाने पडला, म्हणून त्याच्या जागी नागासे आला – आणि आल्या आल्या माझ्या पाणपिसवांच्या काचेला नाक लावून बसला. बिवा सरोवराच्या काठी आमची प्रयोगशाळा. नव्या साबणातलं फेसाचं रसायन सरोवरात उतरलं तर जिवांचं काय होईल, ते आम्ही या मोहरीएवढ्या पिसवांवर पाहतो.

"ही माझ्याकडेच बघतेय, ओगिनो-सान."

"तिला एकच डोळा आहे. समोर येईल ते बघते बिचारी."

तो हसला... आणि मी स्वच्छ असलेलं भिंग उगीच पुसलं.

चाचणी अठ्ठेचाळीस तासांची. बाकीच्या बीकरांत रसायन, चारांत नुसतं साधं पाणी. त्या साध्या पाण्यातल्या वीस पिसवांपैकी दोनाहून जास्त गेल्या, की सगळी चाचणी रद्द.

तिसऱ्या दिवशी मोजल्या. साध्या पाण्यात अकरा निपचित.

आमचे प्रमुख कुरोइवा-सान यांनी निकाल देऊन टाकला : तुझा वाणच कमकुवत झालाय, संध्याकाळपर्यंत टाक्या रिकाम्या कर. त्या टाक्यांत मी पिसवा वाढवत होते; तीन वर्षं रविवारीसुद्धा येऊन त्यांना शेवाळ भरवलं होतं. मी नुसतं 'हो' म्हटलं.

"ते बीकर मी धुतले होते," नागासे कमरेत वाकून म्हणाला.

पहिल्या दिवशी, चाचणी लावण्याआधी, चहा झाल्यावर पाहुण्याच्या रीतीनं त्यानं आपला कप विसळला होता. शेजारी चार बीकर दिसले, तेही घासले – भांड्यांच्या साबणानं, चांगला फेस काढून. आमच्या बीकरांना साबण शिवू देत नाहीत, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"साबण विकता, आणि साबण नीट धुवून काढता येत नाही?" कुरोइवा-सान म्हणाले. हे अहवालात नावानिशी जाईल, असंही बजावलं. नागासेनं स्वतःच लिहून दिलं. सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का अगदी सरळ उमटवला. कान मात्र लालबुंद.

टाक्या वाचल्या. चाचणी पुन्हा लावायची ठरली. आम्ही दोघंच उरलो.

"गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं नसतं," मी म्हटलं.

"तुम्ही टाक्यांकडे ज्या नजरेनं बघत होतात ना... ते मला बघवलं नाही."

"दोन दिवस पुन्हा यावं लागेल."

"चाचणीला?"

"चाचणीला कंपनीचं कुणीही चालतं. तुम्ही – माझ्यासाठी या."

त्याची गाडी दहा मिनिटांत सुटणार होती. नागासेनं अंगातला कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.