लोखंडी कढईतला पाक

टाकी काही केल्या आंबट होईना. मी त्या टाकीचा राखणदार यंत्रमानव, बंडू. हे नाव जुईने ठेवलं, मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मंगळावरच्या आमच्या वसाहतीत पाण्याच्या नळ्या क्षारांनी पार तुंबल्या होत्या. जुईच्या आईने लावलेली भाताची रोपं, म्हणजे मंगळावरचा पहिलावहिला भात, पाण्यावाचून माना टाकत होती. क्षार विरघळवायला हवं होतं सायट्रिक आम्ल (लिंबाला आंबट करणारा पदार्थ). इथे लिंबं कुठली यायला? म्हणून जुईचे त्र्यंबकआजोबा ते काळ्या बुरशीकडून करून घेत. टाकीतल्या साखरेच्या पाण्यात बुरशी सोडायची आणि हवा फुंकत राहायची. बुरशी साखर खाते, आम्ल बाहेर टाकते. याला म्हणतात किण्वन (सूक्ष्मजीवांकडून एका पदार्थाचा दुसरा करून घेणं).

या खेपेला मात्र बुरशी नुसतीच फोफावली, आम्लाचा पत्ता नाही. मी हवा तपासली, उष्णता तपासली, स्वतःलाही तपासून घेतलं. सगळं ठीक. मग आजोबांनी जुईला सहज विचारलं, की साखरेचा पाक कशात केलास?

"लोखंडी कढईत," जुई म्हणाली. "मागच्या खेपेला बुरशी किती रोडावलेली दिसत होती! आई म्हणते, लोखंडी कढईतलं खाल्लं की अंगी लागतं."

"लागलं ना अंगी!" आजोबा हसले.

मग त्यांनी तिला जवळ बसवून समजावलं. बुरशीच्या पेशीत साखरेवर एकामागून एक कामं होतात, आणि सायट्रिक आम्ल ही त्यातली मधली पायरी. लोह, मँगनीज असे धातू पुरेसे मिळाले की बुरशी ते आम्ल पुढे वापरून टाकते आणि वाढत सुटते. धातू कमी पडले की पुढचं काम रखडतं, आम्ल साचतं आणि बाहेर पडतं.

जुईचे डोळे भरून आले. "माझ्यामुळे आईची रोपं मरणार?"

आजोबा म्हणाले, साखर अजून शिल्लक आहे, चल. या वेळी पाक काचेच्या भांड्यात झाला आणि पाण्यातला धातू मी गाळून काढला. बुरशीच्या बारीक गोळ्या बघून जुईचा जीव तुटायचा, पण तिने हात आवरला. काही दिवसांनी आजोबांनी निळी तपासपट्टी टाकीत बुडवली. ती लालभडक झाली.

आम्ल नळ्यांतून फिरवलं तसे क्षार फसफसून सुटले. नंतर स्वच्छ पाणी सोडलं. रोपांपाशी आधी थेंब आले, मग धार लागली. जुईची आई चिखलातच बसून रडली, आणि जुई तिच्या गळ्यात पडली.

मग मान वर करून जुईने विचारलं, "आजोबा, हे आम्ल इथल्या दगडातूनही रोपांसाठी खत सोडवून देईल का?"

आजोबा माझ्याकडे वळले. म्हणाले, "बंडू, बाहेरून एक दगड घेऊन ये."

मी कुरकुर न करता निघालो.