बी. पाटलांची स्पर्धा

सांगलीतल्या विश्रामबागच्या त्या सायबर कॅफेत कॉम्प्युटर चार होते आणि टेलिफोनची लाईन एकच. ती गेली की चारही पडदे जागच्या जागी थबकायचे.

"गेली," काउंटरवरचा गुंडा नावाचा पोरगा म्हणाला. "आता कवा येतीया कुणास ठाऊक. बसा निवांत."

बाहेर श्रावणातली बारीक सर भुरभुरत होती. ब्राह्मीनं सहज शेजारी पाहिलं... आणि पाहतच राहिली. शेजारच्या मुलाच्या पडद्यावर तिच्याच स्पर्धेचं पान अर्धवट उघडून थांबलं होतं!

मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता. तो खेळणारे देशोदेशीचे लोक इंटरनेटवर गप्पा मारत, कॉम्प्युटरवर स्वतःच्या गाड्या घडवत आणि त्या खेळात पळवत. त्यांच्यासाठी ब्राह्मीनं गाडीच्या डिझाइनची स्पर्धा ठेवली होती. निकालही तीच देणार होती. पण आयोजक म्हणून सगळ्यांना ठाऊक होता तो कुणी 'बी. पाटील'.

"तुम्ही पण भाग घेतलाय?" तिनं विचारलं.

"हो. मी मुकुल. साताऱ्याचा, इथं इंजिनिअरिंगला आहे." तो हसला तेव्हा त्याच्या डोळ्यांत आधी हसू उतरलं. "पण हा पाटील फार खडूस माणूस आहे. गाडी परत पाठवली माझी. म्हणे, वळणावर उलटेल."

"उलटत असेल."

"उलटतेच. पण जरा गोड बोलून सांगता येतं की..."

ब्राह्मीनं ओठ दाबून हसू आवरलं. सांगावं – की नको? तेवढ्यात लाईन आली आणि सांगायचं राहून गेलं.

मग ते राहतच गेलं. 'तुम्ही'चं 'तू' झालं. कॅफेतून निघाल्यावर दोघं कृष्णेच्या पुलापर्यंत रमतगमत जायची. खाली गढूळ पाणी संथ वाहायचं, हातात भडंगाचा पुडा असायचा.

"मागची चाकं थोडी मागं घे," ती म्हणायची. "वजन मागं झुकतंय."

"तुला गाड्यांतलं इतकं कसं कळतं?"

"वडिलांचा हळदीचा ट्रक सतत गॅरेजला. मी तिथंच खेळत वाढले."

तो तिच्याकडे बघत राहायचा. ती पाण्याकडे.

एका संध्याकाळी तिच्या मनात लख्ख उजाडलं. ज्याची गाडी आपण पारखणार, त्यालाच आपण शिकवतोय. आणि त्याची वाटही बघतोय...

"मुकुल, तो खडूस पाटील... मीच आहे."

त्याचा हात पुड्यातच राहिला. "म्हणजे मला शिकवणार तू, नंबर देणार तू?"

"म्हणून तर सांगितलं."

तो सायकल घेऊन निघून गेला.

त्यानंतर तो कॅफेत दिसेना. ब्राह्मी एकटीच बसून आलेल्या गाड्या पळवून बघायची. त्याची पिवळी गाडी वळण घेऊ लागली की तिचा श्वास अडकायचा. जास्त गुण द्यावेत, तर इतरांवर अन्याय. आणि कमी दिले, तर तो कायमचा जाईल...

निकालाच्या दिवशी तो आला. केस भिजलेले, खांद्यावर पिशवी.

"साताऱ्याला गेलो होतो," शेजारी बसत तो म्हणाला. "माझी गाडी स्पर्धेतून काढून टाक."

"रागानं?"

"नाही गं. आधी राग आला होता, खोटं कशाला बोलू? मग वाटलं, माझ्या गाडीमुळं तुझ्या निकालाकडं कुणी बोट दाखवायला नको. आणि..." तो अडखळला. "मला तुला भेटायचंय. स्पर्धक म्हणून नाही."

तिनं मान खाली घातली. कान गरम झाले होते.

"पण सांग तरी, कितवी आली असती?"

"चौथी."

"चौथी?"

"अजून मागून हलते."

तो खो खो हसला, मग जरा पुढं झुकला. "ब्राह्मी, तू मला फार आवडतेस."

"थांब... निकाल लावू दे आधी."

बोटं चुकत होती, तरी तिनं तीन नावं टाइप केली, पान पाठवलं आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"तूही," ती हळूच म्हणाली. "केव्हापासून... ते विचारू नकोस."

"ताई, तुमचा तास संपला," गुंडा काउंटरवरून म्हणाला.

"अजून एक तास लिही."

"काम तर झालं न्हवं तुमचं?"

"झालं," मुकुलवरची नजर न हलवता ब्राह्मी म्हणाली. "आता बोलायचंय."