मालक नाहीत

"मालक आले नाहीत का?"

जुनी गाडी देऊन नवी घ्यायला शोरूममध्ये गेले, तर कागदपत्रं बघणाऱ्यानं पहिलाच प्रश्न हा टाकला. माझं डोकंच फिरलं. लग्नाची चौकशी मावशी करते, शेजारीण करते... आता हेही करणार?

"मालक नाहीत!" मी तोडून बोलले.

त्याचं पेन थांबलं. "माफ करा..." तो इतक्या हळू म्हणाला, की मीच वरमले. त्यानं पंखा माझ्याकडे वळवला, पाणी आणून दिलं. गाडीचं नोंदणी पुस्तक मी घरी विसरले होते. "सावकाश आणा," तो म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

मग त्याचे फोन सुरू झाले. पुस्तक सापडलं का, जेवलात का, झोप लागते ना? पुस्तक आईच्या कपाटात दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं, पण सांगितलं असतं तर फोन बंद पडले असते ना!

"जुनी गाडी देताना जड जात असेल," तो एकदा म्हणाला.

"छे! तिच्या दारानं माझ्या दोन ओढण्या खाल्ल्यात."

तो खळखळून हसला आणि एकदम गप्प झाला. असा का हा? पण त्या हसण्यावर मी भाळले होते, हे खरं.

शेवटी पुस्तक घेऊन गेले. ते न उघडताच तो खालच्या आवाजात म्हणाला, "मृत्यूचा दाखला आणलाय?"

"कोणाच्या?"

"मालकांच्या... तुम्हीच म्हणालात ना, मालक नाहीत—"

"अहो, मला वाटलं तुम्ही नवऱ्याचं विचारताय!"

"मी गाडीच्या मालकांचं विचारत होतो!"

"मालकीण मीच आहे!"

"मग... नवरा?"

"गेला नाही हो, अजून आलाच नाही!"

शेजारच्या टेबलावरचे साहेब चहा सांडेपर्यंत हसले. मीही हसले, आणि मग लक्षात आलं. म्हणजे ते पाणी, ती विचारपूस... विधवा समजून? तो बोट ठेवेल तिथे मी मुकाट्यानं सह्या करत गेले.

"सही जुळत नाहीये," तो म्हणाला.

"दया होती का सगळी?" मी सरळच विचारलं.

त्यानं पेन खाली ठेवलं. "पाणी दयेनं दिलं. पहिला फोनही. पुढचे..."

"पुढचे?"

"पुढच्यांची लाज वाटायची. बाईवर डोंगर कोसळलाय आणि आपण तिच्या आवाजाची वाट बघतोय! रोज ठरवायचो, उद्या नाही करायचा." त्यानं कपाळ पुसलं. "केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू!"

"माझंही," मी म्हणाले. जिवात जीव आला होता. "मला आवडता तुम्ही."

त्याचे कान लाल झाले. पुढची सही मात्र हुबेहूब जुळली.

जुनी गाडी आत गेली, नवी यायला अवकाश होता. तो मला बसस्टॉपवर सोडायला आला. बोलता बोलता बस आली.

"हीच का तुमची?"

"नाही," मी म्हणाले.

होती तीच.