दसऱ्याला उघडलेलं लाल पान

मृणालताई बोढे आल्या तेव्हा मोरेश्वर नलिनीच्या ओसरीत संत्री सोलत बसला होता. चपला काढायच्या आधीच बाई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत वेळ आहे. त्यानंतर काही उपयोग नाही."

त्या दिवशी बुधवार होता. मोरेश्वरनं संत्रं खाली ठेवलं.

नलिनी देशकरची सगळी नोकरी नागपूरला विम्याचे खोटे दावे पकडण्यात गेली होती. आता ती पांढुर्ण्यात राहून खासगी चौकशा करायची; बहुतेक लग्नाच्या स्थळांच्या. मोरेश्वर तिचा मावसभाऊ, वीज मंडळातून निवृत्त झालेला. स्कूटर त्याची आणि डोकं तिचं, अशी वाटणी दोघांना मान्य होती. म्हणजे तिला मान्य होती, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"सौसरला माझं केंद्र आहे," मृणालताई सांगू लागल्या. "ज्यांचं घरात कुणी ऐकत नाही, अशा बाया आमच्याशी बोलतात. म्हणजे लिहितात. ब्राउझरमध्ये आमचं चॅटचं पान उघडायचं, लिहायचं. सौसरच्या मशीनवर मी वाचते, उत्तर देते. फोनमध्ये काही ठेवावं लागत नाही, कारण फोन नवरे तपासतात."

"आणि आता लिहिलेलं बाहेर फुटून राहिलं," नलिनी म्हणाली.

"उन्हाळ्यात मोहगावच्या वैभवनं, कॉम्प्युटरवाला पोरगा आहे, त्याला कुलूप लावून दिलं. मधल्या तारेत कुणालाच वाचता येणार नाही, असं जोडून दिलं. तरी पोळ्याच्या गोटमारीनंतर तीनदा फुटलं."

"कुठून लिहिलेलं?"

"तिन्ही वेळा इथूनच, नेहाच्या शिवणक्लासातल्या कॉम्प्युटरवरून. मोहगाव, लोधीखेडा, तिकडच्या बायांचं एक अक्षर फुटलं नाही."

मग त्यांनी भाग्यश्रीचं सांगितलं. या पोरीचा नागपूरला नर्सिंगला नंबर लागला होता. पहिल्यांदा ती निघाली, तर नवरा वसंत स्टँडवर आधीच उभा. दुसऱ्यांदा निघायच्या आदल्या दिवशी पेटीतून गुणपत्रिकाच गायब. मृणालताईंनी खेटे घालून दुसऱ्या प्रती काढल्या होत्या. शनिवारी दुपारपर्यंत ती स्वतः हजर झाली नाही, तर जागा दुसरीला जाणार होती.

"आता तिला कळवू कसं? लिहिलं तर फुटते, क्लासात जाऊन बोलावं तर तिथलंच फुटलेलं, फोन केला तर सासू उचलते. माझ्या भरवशावर लिहीत होत्या हो त्या. मले झोप नाही लागत."

मोरेश्वरला एकदम स्कूटर काढावीशी वाटली. कुठं जायचं ते माहीत नव्हतं, पण बसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोहगावला वैभवच्या बागेत पोचले. पोरगा पुण्याची नोकरी सोडून बाग बघायला आला होता, आणि आता रागात होता.

"मीच कुलूप लावलं, आणि आता बोटही माझ्यावरच. घरी आमचे पुंडलिकआबा म्हणतात, कशाला पडला त्या भानगडीत."

"कुलूप म्हणजे काय केलंस, मोरूभाऊला समजेल असं सांग," नलिनी म्हणाली. मोरेश्वरला हे लागलं, पण त्यालाही ऐकायचंच होतं.

"काका, सौसरची मशीन आधी आपलं ओळखपत्र दाखवते. ब्राउझरला ते पटलं, की दोघं मिळून कुलूप ठरवतात. मग मधल्याला नुसती गिचमिड दिसते. आता हे ओळखपत्र बाहेरच्या संस्थेकडून घ्यायचं, तर मशीनला इंटरनेटवर नाव पाहिजे. ताईंना नाव नको होतं, कुणी शोधत येईल म्हणून. मग ओळखपत्र मी घरीच बनवलं."

"घरचं ओळखपत्र ब्राउझरला पटते?"

"नाही पटत. लाल पान येते, 'इथं जाणं धोक्याचं आहे' म्हणून. मी क्लासात गेलो तेव्हा ते आलं, बाया घाबरल्या. म्हटलं घाबरू नका, खालचं दाबा, पुढं जाते. मग कॉम्प्युटरला आमचं ओळखपत्र शिकवून ठेवलं. त्यानंतर लाल पान येत नाही."

"मशीन कधी बंद असते?"

"कधीच नाही. फक्त दसऱ्याला. आमच्या घरी दसऱ्याला ट्रॅक्टरही नाही चालत. मी स्वतः सौसरला जाऊन मशीन बंद केली, वायर काढली, हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केली."

परतताना मोरेश्वर म्हणाला, "नलू, मला तर हाच वाटून राहिला. कुलूपही याचं, चाबीही याचीच."

"म्हणून तर," नलिनी म्हणाली आणि पुढं गप्प बसली. तिची ही सवय मोरेश्वरला लहानपणापासून सहन होत नव्हती.

नेहाचा क्लास बाजारात पहिल्या मजल्यावर होता. शिवणयंत्रांच्या चाकांवर दसऱ्याचे सुकलेले झेंडू अजून तसेच होते. कोपऱ्यात कॉम्प्युटर आणि वर भिंतीला नेटचा पांढरा डबा. नेहा तिशीतली, चुणचुणीत. तोंडात टाचण्या धरूनही तिला बोलता येत होतं.

"इथं लिहिताना कुणाला दिसतं?" नलिनीनं विचारलं.

"मलेच. ज्यांना टाइप नाही येत, त्यांचं मीच करून देते. अर्ध्या जणींचं सगळं मले तोंडपाठ आहे म्हणा ना."

"पान उघडताना काही अडचण?"

"काही नाही. ते लाल येते ना, खालचं दाबलं की होते. वैभवदादानंच शिकवलं."

"रोज येतं?"

"रोजच. मध्ये नव्हतं येत." नेहानं टाचण्या काढल्या. "गोटमारीत गोटा येऊन डबा फुटला. खालच्या नेटवाल्या विनोदभाऊनं नवा लावला. तवापासून येते. म्हटलं नव्या डब्याला पुन्हा ओळख करून द्या लागत असंल."

"दसऱ्याला क्लास बंद असेल?"

नेहा ओशाळली. "बंदच होता जी. पण भाग्यश्री सोनं द्यायच्या निमित्तानं निघून आली, रडत होती. मग कॉम्प्युटरचा हार बाजूला केला, मनात हात जोडले आणि उघडला. लाल आलं, दाबलं, पण पुढं नुसतं पांढरं पान, इंग्रजीत दोन ओळी. तशीच गेली बिचारी."

नलिनी क्षणभर त्या डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला एक ब्लाउज शिवायचा आहे. माप कोण घेतं?"

"आत भाग्यश्रीच घेते. जा ना."

नलिनी आत गेली ती गेलीच. मोरेश्वर बाहेर येरझारा घालत राहिला. शनिवार डोक्यावर आलेला, आणि ही बाई गुन्हेगार शोधायला आली की ब्लाउज शिवायला? आतून टेपचे आकडे तेवढे ऐकू येत होते.

खालीच विनोदचं केबल आणि नेटचं ऑफिस होतं. टेबलावर हॉटेलचा डबा, मागं मशिनींचे हिरवे दिवे लुकलुकत होते. विनोद हसतमुख माणूस. त्यानं लगेच चहा सांगितला.

"ताई, माझ्या तारेतून जाते ते सगळं कुलूपबंद. मी म्हटलं तरी मले नाही वाचता येत. वैभवलेच विचारा."

"त्यानंही तेच सांगितलं," नलिनी म्हणाली. "दसऱ्याला तुमच्याकडे सगळं बंद होतं का?"

"माझ्याकडे?" विनोद अभिमानानं हसला. "नेट बंद ठेवलं तर लोक घरी येऊन मारतील. पूजा केली, पण मशिनी चालू. अख्ख्या बिल्डिंगमध्ये त्या दिवशी माझ्याच मशिनी चालू होत्या."

"डबा हॉटेलचा दिसतो."

त्याचं हसू ओसरलं. "बायको, पूनम, सौसरला माहेरी आहे. होळीपासून. आधी वरच्या क्लासात जात होती. तिथं कोण काय भरवते डोक्यात, देव जाणे."

रस्त्यावर आल्यावर नलिनीनं मृणालताईंना फोन लावला. "भाग्यश्रीला चॅटवर असं लिहा: शनिवारी सकाळी जामसांवलीच्या मारुतीला ये, दर्शनाच्या रांगेत मी भेटते, तिथून नागपूरला जाऊ."

मोरेश्वर जागच्या जागी थांबला. "अगं, जे फुटून राहिलं त्यातच लिहायला सांगतेस? त्या पोरीची शेवटची संधी आहे ती."

"म्हणूनच सांगते. स्कूटर काढ."

शुक्रवार मोरेश्वरनं कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. दोनदा चहा गार झाला, एकदा गॅसवर दूध उतू गेलं. त्याला सारखी ती पोरगी मारुतीच्या रांगेत उभी दिसायची, आणि मागून येणारा वसंत. नलिनी मात्र शांतपणे मेथी निवडत बसली होती. त्याला तिचा मनापासून राग आला.

शनिवारी सकाळी तिनं सगळ्यांना क्लासात बोलावलं. नेहा, वैभव, विनोद आले. मृणालताई दिसत नव्हत्या, भाग्यश्रीही नव्हती. मोरेश्वरनं दोनदा जिन्यात डोकावून पाहिलं.

"फोन या टेबलावर ठेवा," नलिनी म्हणाली. "मधे कुणी बोलायचं नाही. मला सावकाश सांगायची सवय आहे."

विनोदनं फोन नाखुशीनं ठेवला. तो घड्याळाकडे बघत होता.

आणि नलिनी खरोखर सावकाश बोलली. आधी ओळखपत्र काय, मग कुलूप काय. मोरेश्वरला कळलेलं तिनं त्याला पुन्हा कळवलं. मग म्हणाली, "तीनदा फुटलं, आणि तिन्ही वेळा याच खोलीतून. वैभवजवळ खरी चाबी आहे. त्यानं वाचलं असतं तर सौसर, मोहगाव, सगळीकडचं वाचलं असतं. फक्त इथलंच का फुटलं? आणि नेहाला कुलूप तोडायची गरजच नाही, अर्ध्या जणी तिलाच सांगून लिहून घेतात. ज्याला वाचता येत नव्हतं, त्यालाच काही खटपट करावी लागली."

"ताई, मी सांगितलं ना, कुलूपबंद आहे," विनोद म्हणाला.

"कुलूप कुणी तोडलंच नाही. बदललं. क्लासातून निघालेलं सौसरला जायच्या आधी एका दुसऱ्या मशीनजवळ थांबत होतं. ती आपलं खोटं ओळखपत्र दाखवायची, उघडून वाचायची, मग सौसरचं खरं कुलूप लावून पुढं पाठवायची. म्हणून मृणालताईंना काही कळलं नाही. कॉम्प्युटरला मात्र ते ओळखपत्र अनोळखी. तो बिचारा रोज लाल पान दाखवून ओरडत होता, आणि बाया रोज खालचं दाबत होत्या. कारण ते दाबायचं असतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी वैभवनं शिकवलं."

वैभवनं मान खाली घातली. "कॉम्प्युटरला आधी शिकवायला पाहिजे होतं. बायांसमोर दाबायला नको होतं मी."

"नेहाला वाटलं, नव्या डब्यामुळं येत असेल. मलाही आधी वाटलं, सौसरचंच पान असेल, कॉम्प्युटर विसरला असेल. पण दसरा." नलिनीनं शिवणयंत्रावरचा एक सुकलेला झेंडू उचलला. "त्या दिवशी सौसरची मशीन बंद, वायर काढलेली. बंद मशीन ओळखपत्र दाखवू शकत नाही. खरं की खोटं, कुठलंच नाही. ब्राउझरनं एवढंच म्हणायला हवं होतं की तिकडं कुणी नाही. तरी लाल पान आलं. म्हणजे कुणीतरी उत्तर दिलं. खालचं दाबल्यावर त्या मशीननं सौसरला हाक मारली, तिथून ओ आली नाही, आणि इथं पांढरं पान उमटलं. आता सांगा, दसऱ्याला सगळ्यांच्या मशिनी बंद असताना, याच डब्याच्या तारेवर कुणाची मशीन चालू होती?"

विनोद उठला. "म्हणजे माझ्या मशिनी चालू होत्या हाच गुन्हा का? शाबीत करा."

"बस. होईल."

मोरेश्वरनं घड्याळ पाहिलं. दहा वाजून गेले होते. ही बाई अजून कशाची वाट बघते आहे?

तेवढ्यात टेबलावरचा एक फोन वाजला. विनोदचा. वर नाव होतं: वसंत.

विनोदचा हात पुढं आला, पण नलिनीनं आधीच फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"अबे विनोद, कवाचा रांगेत उभा आहो मी," पलीकडून घंटेच्या आवाजात वसंत ओरडत होता. "ना ती आली, ना ते केंद्रवाली. तू तर म्हणला जामसांवलीचं पक्कं वाचलं. घरी फोन केला तर माय म्हणते, सकाळीच निघाली. मंग गेली कोठी?"

नलिनीनं फोन बंद केला. "शाबीत झालं?"

विनोद परत खुर्चीत बसला. म्हणाला, "मले फक्त पूनमचं पाहायचं होतं. माह्याबद्दल काय लिहिते ते. तिचं कधी आलंच नाही. मंग बाकीच्यांचं दिसलं. म्हटलं, माह्यं घर तर मोडलं, दुसऱ्याचं तरी वाचवा."

"तिला विचारलंस कधी, का गेली म्हणून?"

त्यानं मान हलवली. नाही.

"सौसर इथून लांब नाही, विनोद. बायांचं चोरून वाचलंस, त्याचा जबाब पोलिसांपुढं द्यावा लागेल. पण हे तिला आधी विचारायचं होतं रे." नलिनीचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता.

"पण भाग्यश्री कुठं आहे?" मोरेश्वरला आता राहवेना.

"सकाळच्या गाडीनं नागपूरला. स्टेशनवर मृणालताई कागद घेऊन उभ्या होत्या, त्यांना मी नंतर खरं काय ते सांगितलं होतं. वसंत जामसांवलीला गेला आणि वाट मोकळी झाली. याचं तोंड इथं अडकवून ठेवायला मला एवढं बोलावं लागलं."

"तिला कळवलं कधी?"

"माप घेताना. छाती, कंबर, बाही, आणि मधे कानात सगळं. ब्लाउज मला नकोच होता."

मेथीवरून आलेला सगळा राग मोरेश्वरला परत घ्यावा लागला.

वैभवनं खुर्चीवर चढून पांढरा डबा भिंतीवरून काढला आणि कॉम्प्युटर आपल्या फोनच्या नेटवर जोडला. नेहानं पान उघडलं. तिचा हात सवयीनं खालचं दाबायला गेला, पण दाबायला काही नव्हतं. लाल पान आलंच नाही. सरळ चॅट उघडला.

दुपार टळेपर्यंत कुणी तिथून हललं नाही. मोरेश्वरनं सगळ्यांसाठी चहा आणला, आणि या वेळी तो गरम असतानाच प्यायला. मग पडद्यावर मृणालताईंच्या फोनवरून एक ओळ उमटली. टाइप करायची सवय नसलेल्या हातांनी लिहिलेली:

"नेहाताई मी भाग्यश्री. नाव लागलं माझं. होस्टेलची खोली भेटली. हे कोणी वाचत असंल तर वाचू दे."